कॅमचा कोन आधी, पेट्रोल मागाहून

ऑटोक्रॉस (मैदानात आखलेल्या मार्गावरची वेळेची शर्यत) आणि ट्रॅकसाठी गाड्या तयार करणाऱ्या नाशिक परिसरातील वाचकांचे या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच विषयावर आहेत. व्हॉल्व्ह टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ, चालू असतानाच बदलणाऱ्या (व्हीव्हीटी) इंजिनाला कंपनीच्या ईसीयूऐवजी, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाऐवजी, बाहेरचा, प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू लावला, तर ट्यूनिंग कसे करावे, असे त्यांनी विचारले आहे.

प्रश्न (सातपूर): माझ्या ऑटोक्रॉसच्या स्विफ्टला के-सिरीजचे १२०० सीसी व्हीव्हीटी इंजिन आहे. नव्या ईसीयूत इनटेक कॅमचा (हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) कोन २० अंशांवर ठेवला, तरी तो १२ ते २८ यांच्यात सतत हेलकावे खातो. पीआयडीचे, म्हणजे मोजलेला कोन ठरवलेल्या कोनाशी जुळवणाऱ्या नियंत्रणाचे, आकडे बदलून पाहिले, उपयोग झाला नाही. काय करावे?

उत्तर: पीआयडीला सध्या हात लावू नका. ईसीयू कॅमला थेट फिरवत नाही; तो फक्त ऑईल कंट्रोल व्हॉल्व्हला किती टक्के वेळ वीज द्यायची ते ठरवतो आणि कॅमच्या टोकावरील फेझरमध्ये ऑईल या बाजूला जायचे की त्या, हे त्यावरून ठरते. म्हणून पहिली तपासणी मोजमापाची करावी. व्हॉल्व्हचा प्लग काढा म्हणजे कॅम आपल्या मूळ, मागे घेतलेल्या जागी लॉक होईल आणि मग इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर धरून स्क्रीनवरचा कोन पाहा. तो शून्याजवळ स्थिर न राहता तीन-चार अंश उड्या मारत असेल, तर दोष सेन्सरच्या वायरिंगमध्ये, ट्रिगरच्या (सेन्सरचे संकेत वाचण्याच्या) सेटिंगमध्ये किंवा कॅम फिरवणाऱ्या, सैल झालेल्या चेनमध्ये आहे. आपण वाचलेले अंश क्रँकचे आहेत की कॅमचे, हेही पाहून घ्यावे, कारण क्रँकचे ४० म्हणजे कॅमचे २०.

मोजमाप ठीक असेल, तर ऑईल चांगले तापल्यावर नियंत्रण हाताने चालवा. वीज एकेक टक्क्याने वाढवत न्या. कॅम कोणत्या टक्क्याला पुढे सरकू लागतो आणि कोणत्या टक्क्याला मागे येतो, ते लिहून ठेवा. त्या दोहोंच्या मधला आकडा, जो बहुधा ५०च्या आसपास असतो, तो कॅम जागच्या जागी धरून ठेवणारा आकडा होय. तो ईसीयूत चुकीचा भरलेला असेल, तर पीआयडी कॅमला कायम हाकत राहते.

याउपर ऑईलची वाट तपासावी. मागच्या पावसाळ्यात अंबडच्या एका शेडमध्ये अशाच गाडीवर मी दोन दिवस आकडे बदलत बसलो होतो. शेवटी व्हॉल्व्ह बाहेर काढला, तर त्याच्या बारीक जाळीवर नखाच्या तुकड्याएवढा, वळलेला, करडा सिलिकॉन सीलंट अडकलेला दिसला. कोणीतरी टायमिंग कव्हर बसवताना तो हात सैल सोडून लावला होता. जाळी साफ केली, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचे ऑईल भरले आणि एकही आकडा न बदलता हेलकावे थांबले. ते दोन दिवस मी जाळी आधी पाहिली असती तर वाचले असते, म्हणून हा क्रम इतक्या आग्रहाने सांगतो आहे.

प्रश्न (गंगापूर रोड): ट्रॅकसाठी ठेवलेल्या जुन्या होंडा सिटी व्हीटेकमध्ये व्हीटेक किती फेऱ्यांवर लागू करावे? उशिरा लावले की जोरदार धक्का जाणवतो, तो मला आवडतो.

उत्तर: आपल्या इंजिनात कॅम पुढे-मागे फिरत नाही. ऑईलच्या दाबाने पिन सरकते आणि इनटेक व्हॉल्व्ह कॅमवरच्या दुसऱ्या, उंच लोबवर (फुगवट्यावर) चालू लागतात; यालाच व्हीटेक लागणे म्हणतात; १९८९च्या इंटेग्रापासून होंडाने लोब बदलण्याचीच ही कल्पना वापरली. म्हणून येथे कोनाचा तक्ता नसून एकच निर्णय असतो. डायनोवर (गाडीचा जोर मोजणाऱ्या यंत्रावर) पूर्ण थ्रॉटलने एक चाचणी फक्त खालच्या लोबवर घ्यावी, दुसरी ३,००० फेऱ्यांपासूनच वरच्या लोबवर घ्यावी आणि दोन्ही टॉर्करेषा एकमेकींवर ठेवून पाहाव्यात. त्या जिथे छेदतात तिथे व्हीटेक लागले पाहिजे. तिथे लावल्यावर धक्का जवळजवळ जाणवत नाही. जो धक्का आपल्याला आवडतो, तो वरच्या लोबचा जादा जोर नसतो. त्याआधीच्या काहीशे फेऱ्यांत घालवलेला टॉर्क एकदम परत आल्याचा तो अनुभव असतो. व्हीटेक सुटण्याची मर्यादा लागण्याच्या मर्यादेपेक्षा दोन-तीनशे फेऱ्या खाली ठेवावी, नाही तर वळणावर ते चालू-बंद होत राहील. एक्झॉस्ट बदलला, तर दोन्ही चाचण्या पुन्हा घ्याव्यात.

प्रश्न (निफाड): डायनोवर उत्तम चाललेली व्हीव्हीटी गाडी जानेवारीच्या सकाळी पहिली दहा मिनिटे अडखळते. थंडीसाठी पेट्रोल वाढवले, तरी कुठे अडखळते, कुठे काळा धूर टाकते. असे का होते?

उत्तर: हा या पत्रांतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. ऑईल थंड आणि घट्ट असेतोवर ईसीयू कॅमला हलवत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु आपला पेट्रोलचा तक्ता गरम इंजिनावर, कॅम पुढे सरकलेला असताना भरला गेला आहे. अर्ध्या थ्रॉटलवर कॅम पुढे असला, की इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काही काळ एकत्र उघडे राहतात, जळालेला वायू सिलिंडरमध्ये मागे राहतो आणि मॅनिफोल्डचा (हवा आत नेणाऱ्या नळ्यांतला, ज्यावरून ईसीयू हवेचा हिशेब करतो तो) दाब तोच दिसत असला, तरी ताजी हवा कमी शिरते. सकाळी कॅम मूळ जागी असताना त्याच दाबाला हवा जास्त शिरते, पेट्रोल मात्र जुन्याच हिशेबाने पडते आणि मिश्रण पातळ होऊन गाडी अडखळते. पूर्ण थ्रॉटलवर, कमी फेऱ्यांना, नेमके उलट घडते: कॅम पुढे असताना इनटेक व्हॉल्व्ह लवकर बंद होऊन हवा नीट कोंडली जाते, मूळ जागी ती थोडी परत ढकलली जाते आणि मिश्रण दाट होते. म्हणून थंडीसाठी सरसकट वाढवलेले पेट्रोल कुठेच बसत नाही.

उपाय असा, की कॅम शून्य, १०, २० आणि ३० अंशांवर कुलूपबंद करून प्रत्येक कोनासाठी हवेचा तक्ता वेगळा भरावा आणि ईसीयूला तक्ता निवडताना ठरवलेला नव्हे, तर प्रत्यक्ष मोजलेला कोन वापरायला सांगावे. थ्रॉटल झपकन दाबल्यावर कॅम मागे पडतो, तेव्हाची अडखळही यामुळे जाते. इग्निशनलाही हेच लागू आहे. जळालेला वायू मिसळलेले मिश्रण सावकाश जळते, म्हणून त्याला ठिणगी लवकर द्यावी लागते. तेवढीच लवकर दिलेली ठिणगी मूळ जागेवरच्या कॅमला जास्त लवकर होते. कोन, मग पेट्रोल, मग इग्निशन, हा क्रम मोडू नये. पुढे कोन बदलला, तर मागचे दोन्ही तक्ते तिथे पुन्हा तपासावेत.

प्रश्न (इंदिरानगर): ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलवर हवा आणि इंधनाचे १४.७ हे प्रमाण धरावे का?

उत्तर: नाही. १४.७ हा शुद्ध पेट्रोलचा आकडा आहे, इथेनॉलचा सुमारे ९ आहे. मीटर लॅम्डावर ठेवा; इंधन कोणतेही असो, लॅम्डा १ म्हणजे नेमके मिश्रण.

प्रश्न (पंचवटी): रोजच्या वापराच्या गाडीत असा ईसीयू बसवावा का?

उत्तर: बसवू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने गाडीतील बदलांवर बंधने घातली आहेत, आणि बीएस-६ गाडीची प्रदूषणावर देखरेख ठेवणारी यंत्रणा मूळ ईसीयूतच असते. येथील सर्व चर्चा स्पर्धेच्या गाड्यांपुरती आहे.

प्रश्न (देवळाली कॅम्प): नाशिकला ट्यून केलेली गाडी ट्रेलरवरून मुंबईला नेणार आहे. काही बदलावे लागेल का?

उत्तर: बदलापेक्षा तपासणी लागेल. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असल्याने येथे हवेचा दाब ९४ किलोपास्कलच्या आसपास असतो, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनावर आपल्या तक्त्यांमधील मॅनिफोल्ड-दाबाची १०० किलोपास्कलची ओळ येथे पूर्णपणे कधी वापरलीच गेली नाही. कसारा घाट उतरल्यावर इंजिन त्या ओळीवर चालू लागेल आणि तिथे अंदाजाने भरलेले आकडे आहेत. निघण्यापूर्वी त्या ओळीचे पेट्रोल खालच्या ओळींच्या चढाला धरून भरावे, इग्निशन एक-दोन अंश मागे घ्यावे आणि कॅमचा कोन ९० किलोपास्कलच्या ओळीएवढाच ठेवावा. तिथे पहिल्या फेरीचा लॉग पाहून, नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक) नसेल तरच ते अंश परत द्यावेत.