खाकी शिपाई वाळूत हरवतात तेव्हा

तुमचा प्रश्न असा: टेबलावरच्या युद्धखेळात १९४२ ची अल अलामेनची (इजिप्तमधल्या वाळवंटातली, दुसऱ्या महायुद्धातली) लढाई मांडण्यासाठी ब्रिटिश एट्थ आर्मीचे २८ मिमीचे छोटे शिपाई रंगवले, बेसवर (पायाखालच्या चकतीवर) वाळू चिकटवून पिवळी केली, आणि आता हातभर अंतरावरून माणूस कुठे संपतो आणि जमीन कुठे सुरू होते ते कळत नाही. म्हणून खाकी आणखी उजळ करू का?

नका करू. आधी जमीन बदला. अलामेनचा परिसर म्हणजे सोनेरी टेकाडं नव्हेत. तिथे बराचसा भाग कडक, दगडगोट्यांचा, चुनखडीचा फिकट पट्टा आहे. मी बेसला आधी मातकट तपकिरी देतो, त्यावर बफचा (फिकट वाळूच्या रंगाचा) जोरदार ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश वरच्या उंचवट्यांवर घासणं, आणि शेवटी जवळजवळ पांढऱ्या रंगाचा हलका हात फक्त खड्यांच्या टोकांवर. पिवळा अजिबात नाही. जमीन करडी-फिकट झाली की तीच खाकी एकदम उबदार दिसायला लागते.

खड्यांचा आकार फार महत्त्वाचा, आणि इथेच सगळे चुकतात. २८ मिमीचा शिपाई साधारण १:५६ चा, म्हणजे १ मिमीचा कण त्याच्या पायाशी साडेपाच सेंटिमीटरचा दगड होतो. सगळी वाळू एकाच जाडीची असेल तर जमीन खडी टाकलेल्या रस्त्यासारखी दिसते. म्हणून बारीक चाळलेली वाळू जास्त, तीन-चार मोठे खडे एका बाजूला गोळा करून, आणि मध्ये थोडी जागा मोकळी सोडा. वाळू नुसती ठेवू नका, रंगवाच. पीव्हीए गोंद शोषल्यावर तिचा नैसर्गिक रंग बदलतो. गवताचा तुरा एखादाच, तोही वाळका, राखाडी-हिरवा.

आता शिपाई. हाफपँट आहे, म्हणजे हात-गुडघे उघडे. तुमचा सगळ्यात मोठा आधार हाच. त्वचेला लालसर तपकिरी खोल सावली द्या, रायफलचं लाकूड गडद करा, पट्ट्यांच्या कडेने पातळ गडद रेघ ओढा. कपड्याचे हायलाइट (उजेड पडणारे उजळ भाग) मात्र उन्हाने उडालेल्या कापडासारखे फिके चालतील. सगळ्यांची खाकी एकसारखीही ठेवू नका. काहींचे कपडे धुऊन-धुऊन पांढुरके झालेले असत, नव्या तुकडीचे नसत. रात्री गारठा असे, त्यामुळे एखाद्याच्या अंगात लोकरी जर्सी दाखवली तर तीही शोभते.

बूट काळेच रंगवा, मग बेसवरचाच बफ घेऊन बुटांच्या टोकांवर आणि मोज्यांच्या खालच्या भागावर टिपा. दुसरी कुठलीही छटा नको; जमिनीचाच रंग पायावर चढला की माणूस तिथेच चाललाय असं वाटतं. पिगमेंट पावडर (धूळ दाखवण्यासाठीची रंगीत भुकटी) वापरणार असाल तर मॅट वार्निशनंतर (रंग जपणाऱ्या, न चकाकणाऱ्या लेपानंतर) लावा. माझ्या पहिल्या पलटणीवर मी उलटं केलं, आणि वार्निशचा फवारा बसताच निम्मी धूळ दिसेनाशी झाली.

एवढं सगळं लगेच अख्ख्या तुकडीवर करू नका. एक रिकामा बेस आणि एक शिपाई तयार करून टेबलवर ठेवा, खेळताना जितक्या लांबून बघता तितक्या लांबून बघा. ठीक वाटलं की बाकीचे घ्या, आणि त्या पहिल्याचा फोटो इथे टाका.