जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीत ब्रेक ऑइल कोणतं घालावं: डॉट 3, डॉट 4 की सिलिकॉनचं डॉट 5?

डॉट 4 घाला (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलच्या प्रतीचा आकडा), सीलबंद डबा आणा, विषय संपला. पण तुम्ही शेवटी लिहिलंय, 'आमच्या सोलापुरात हवा कोरडी, ऑइल बदलायची गरज नाही असं मेकॅनिक म्हणतो', त्या वाक्यापायी लिहायला बसलोय. ऑइलचा दोष नाहीच, असलंच काहीतरी 2011 पासून मेव्हण्याच्या तोंडून ऐकतोय.

त्या वर्षी मे महिन्यात त्याचं लग्न झालं. जोडी तुळजापूरला देवीच्या दर्शनाला न्यायची म्हणून वडिलांची 1982 ची पद्मिनी काढली. मागे नवरानवरी, पुढे सासूबाई, मांडीवर प्रसादाचं ताट. येताना घाट उतरायला लागलो आणि एका वळणावर पेडल मऊ लागलं. पुढच्या वळणाला सरळ खाली टेकलं. पंप मारले, काही नाही. स्टिअरिंगवरचा गिअर ओढून दुसरा टाकला, गाडी किंचाळली, हँडब्रेक खेचला आणि कडेच्या मुरमात घुसवून थांबवली. नारळ, पेढे, हळदकुंकू, सगळं सासूबाईंच्या पायाशी.

वीसेक मिनिटं बाभळीखाली बसलो. मग सहज पेडल दाबलं तर जागेवर! आता सांगा, मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या पंपाचं, किट (आतली रबरं) गेलं असतं तर बसल्या बसल्या बरं झालं असतं का? ऑइल उकळून लाइनमध्ये वाफ झाली होती. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली. गार झाल्यावर वाफ जिरली, पेडल वर. पण मेव्हण्याचा निकाल तिथंच लागला होता: 'दाजी ब्रेकवर पाय ठेवूनच घाट उतरतात.' तेव्हापासून प्रत्येक बारशाला, प्रत्येक हुरड्याला हीच गोष्ट.

कोरं डॉट 3 किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट 4 230 पर्यंत. त्यात 3.7 टक्के पाणी शिरलं की तेच आकडे 140 आणि 155 वर येतात. पाणी शिरतं कुठून? रबरी होजमधून, टाकीच्या झाकणातून, थेंबाथेंबानं. मे कोरडा असेल, पावसाळा नाही का येत सोलापुरात? आमच्या गाडीचं ऑइल वडिलांनी शेवटचं कधी बदललं, घरात कुणालाच आठवेना. कमी झालं की वरून टाकायचं, एवढंच. दोन वर्षांनी बदला, गाडी फिरो न फिरो.

सिलिकॉनच्या नादी लागू नका. जांभळं असतं, पाणी ओढत नाही, बॉनेटवर सांडलं तरी रंग खात नाही (डॉट 4 खातं, लगेच पाण्यानं धुवा). नुसती झाकून ठेवायची गाडी असेल तर ठीक. पण आत आलेलं पाणी त्यात मिसळत नाही, तळाला साचून सिलिंडरला गंज धरतो. हवाही धरून ठेवतं, पेडल स्पंजसारखं लागतं. आणि डॉट 3-4 मध्ये ते मिसळायचं नाही म्हणजे नाही. डॉट 5.1 मात्र नाव सारखं असलं तरी डॉट 4 च्याच जातीचं. नावात 'ऑइल' आहे म्हणून कुणी इंजिन ऑइल ओतू लागला तर हात धरा, रबरं फुगून ब्रेक जाम होतात.

हां, तुमच्या गाडीची रबरं जुनी असतील तर आधी किट बदला, नुसत्या ऑइलनं भागणार नाही. आणि मी त्या दिवशी टॉप गिअरमध्येच घाट उतरत होतो, तेही खरं आहे.

ब्लीडिंगला, म्हणजे लाइनमधलं जुनं ऑइल आणि हवा काढायला, पेडल दाबणारा माणूस लागतो. मी मेव्हण्यालाच बसवला. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं म्हणून मागचं डावं चाक आधी घेतलं. चाकामागच्या निपलला (ऑइल सोडायच्या बारीक तोटीला) पारदर्शक नळी लावली, तिचं टोक बाटलीत. उकळून उकळून काळा झालेला चहा असावा तसलं ऑइल आलं. 'दाब', 'धर', 'सोड', तासभर एवढंच बोललो. नळीतून पिवळंधमक ऑइल यायला लागलं तेव्हा मी बाटली त्याच्या नाकासमोर धरली. त्यानं बघितली, हात पुसले आणि म्हणाला, "तरी पण दाजी, दुसरा गिअर वरूनच टाकायला पाहिजे होता."