फितीचा फरक

प्रश्न : मी ७५ वर्षांचा माजी सैनिक, बार्शी तालुक्यात राहतो. १५ ऑगस्ट २००३ रोजी मला मानद लेफ्टनंट हुद्दा मिळाला आणि ३० सप्टेंबरला मी निवृत्त झालो. डिस्चार्ज बुकात आतल्या पानावर लाल शाईत तशी नोंद आहे, पण पहिल्या पानावर आणि पीपीओत (पेन्शन देण्याच्या आदेशात) अजून 'सुभेदार'च. पोराने हौसेने सोलापुरातून पितळी पाटी करून आणली. ती बघून गावातला एक जण म्हणाला, "कागदावर सुभेदार अन् दारावर लेफ्टनंट?" पाटी मी काढून ठेवली. शिवाय एका सिनिअर साहेबाच्या खराब रिपोर्टमुळे माझं सुभेदार मेजर होणं हुकलं होतं. माझ्या मागचा पुढे गेला. दोन्हीसाठी एकच अपील करता येईल का?

उत्तर : साहेब, रामराम. पत्रासोबतचा फोटो मी भिंग घेऊन पाहिला. खांद्यावर दोन तारे आहेत आणि खाली लाल-पिवळी फीत नाही. सुभेदाराचे दोन तारे फितीसकट असतात, लेफ्टनंटचे फितीशिवाय. गावकऱ्याला तो फरक दिसणार नाही, आपल्याला दिसतो.

मी स्वतः पलटणीत क्लार्क होतो, म्हणून आमच्या जमातीचं पाप आधी कबूल करतो. पेन्शनचे कागद निवृत्तीच्या कित्येक महिने आधी वर जातात. तुमचे गेले तेव्हा तुम्ही सुभेदारच होता. नंतर मानद हुद्द्यांची यादी आली, पार्ट टू ऑर्डर (सेवेतल्या बदलाची नोंद करणारा आदेश) निघाली, कुणीतरी लाल शाईने नोंद केली आणि कपाट बंद केलं. सुधारित कागद मागोमाग पाठवायचा राहिला. माझा अंदाज आहे, पण असली प्रकरणं मी पाहिलीत.

मानद कमिशन, म्हणजे तुम्हाला मिळाला तसा मानद अधिकारी हुद्दा, भारताच्या राजपत्रात छापून येतं, म्हणजे तुम्हाला नवीन काही मागायचं नाही. मिळालेलं आहे ते पीपीओत उतरवून घ्यायचंय. बँकेत खेटे घालू नका. तिथल्या पोराच्या हातात काही नाही. अर्ज तुमच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला करा. राजपत्राची प्रत, लाल नोंदीचं पान आणि पीपीओ जोडा, आणि पार्ट टू ऑर्डरचा नंबर व शीट रोलचा (सेवेच्या नोंदपत्रकाचा) उतारा त्यांच्याकडेच मागा. रेकॉर्डने शिफारस केली की प्रयागराजचं पेन्शन कार्यालय कॉरिजेंडम, म्हणजे दुरुस्तीचा पीपीओ काढतं. संरक्षण पेन्शनच्या 'स्पर्श' या ऑनलाइन पोर्टलवरही तक्रार नोंदवून तिचा नंबर अर्जात लिहा. सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवलंत तर अर्जाला आवक-जावक क्रमांक लागतो, पुढे तो उपयोगी पडतो.

प्रश्न नुसत्या पाटीचा नाही. वन रँक वन पेन्शनच्या (सारखा हुद्दा, सारखी सेवा तर सारखी पेन्शन) तक्त्यात मानद लेफ्टनंटचा रकाना सुभेदारापेक्षा वेगळा आहे. २०१४, २०१९, २०२४ अशी तीनदा पेन्शन नव्याने ठरली. तीनही वेळा तुम्हाला कुठल्या रकान्यात धरलं, ते तपासून घ्या.

आता सुभेदार मेजरचं. ते या अर्जात एका ओळीनेही घालू नका. तुमच्यावर अन्याय झाला नाही असं मी म्हणत नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात रेषा आखून दिली आहे. तो जवान १९८३ मध्ये सैन्यातून बाहेर पडला आणि १९९९ मध्ये कोर्टात गेला. न्यायालय म्हणालं, पेन्शनचं नुकसान दर महिन्याला नव्याने होतं, त्यामुळे उशीर झाला तरी दाद मिळू शकते. मात्र थकबाकी दावा लावण्याआधीच्या तीन वर्षांचीच. बढती-ज्येष्ठतेचं तसं नसतं. तिथे दुसऱ्या कुणाचा हक्क हलतो, म्हणून जुना दावा शिळा धरतात. तुमच्या मागचा जो पुढे गेला, तोही आज पेन्शनर असेल. दोन्ही एकत्र बांधलंत तर साधी दुरुस्ती त्या भांडणाच्या फायलीत जाऊन पडेल.

सहा महिन्यांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येतं. नकाराच्या तारखेपासून सहा महिन्यांत जायचं. उत्तरच आलं नाही तर पहिले सहा महिने संपल्यापासून पुढचे सहा. स्वतः उभं राहून बाजू मांडायची मुभा आहे, पण या वयात सिद्धेश्वर एक्सप्रेसने तारखांना जाणं सोपं नाही, वकील बघा. थकबाकीची तीन वर्षं दावा लावल्याच्या दिवसापासून मागे मोजतात, म्हणून अर्ज या महिन्यातच टाका. मूळ डिस्चार्ज बुक कुणाच्या हाती देऊ नका. स्पीड पोस्टाची पावती त्यातच ठेवा.

आणि पाटी परत लावा. फक्त 'लेफ्टनंट'च्या आधी 'मानद' आहे ना, ते बघा. नसेल तर तो गावकरी अर्धा बरोबर आहे.

एक राहिलंच. मला पाठवलेल्या झेरॉक्सवर ती लाल शाई पार पुसट आलीय, तारीख १५ की १६ कळत नाही. सोलापुरात याल तेव्हा ते पान रंगीत काढून घ्या.