सतरा इंची अलॉय आणि बारा लाखांचा विमा

चिंचवडच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय 34, चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी, हातात येणारा पगार 1 लाख 15 हजार. मुलगी तीन वर्षांची, तिच्यासाठी पत्नीने नोकरी सोडली आहे. गाडी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, 44 हजार किलोमीटर झालेली. मूळचे 205/55 आर16 टायर (205 मिलिमीटर रुंद, बाजूची उंची रुंदीच्या 55 टक्के, चाक 16 इंची) घासत आलेत. ते विचारतात: "225/45 आर17 घेऊ, की दुकानदार म्हणतो तसे 225/50 आर17? नव्या अलॉय चाकांसकट 1 लाख 12 हजार होतात. 1 लाख 60 हजारांची एफडी आहे, ती मोडतो. गाडी विकताना पैसे वसूल होतीलच."

आणि शेवटी, जाता जाता: "बाकी काळजी नाही. गृहकर्ज 48 लाखांचं आहे, पण गेल्या वर्षी बँकेने कर्जासोबतच पॉलिसी दिली. वर्षाला 1 लाख 20 हजार हप्ता. माझं काही झालं तर कर्ज फिटेल. दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे, त्याचे पैसे बोनसमधून बाजूला काढलेत."

टायरचं आधी उरकतो.

तुमच्या मूळ टायरचा व्यास सुमारे 632 मिलिमीटर. 225/45 आर17 चा 634, म्हणजे जवळजवळ तोच. 225/50 आर17 चा मात्र 657, जवळपास 4 टक्के जास्त. हा बसवला तर काट्यावर 100 दिसताना गाडी आधीपेक्षा ताशी चार किलोमीटर जोरात असेल, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आत घासण्याची भीती राहील आणि गिअरिंग लांबल्यामुळे, म्हणजे चाक एका फेरीत जास्त अंतर कापत असल्यामुळे, पिकअप मंदावेल. जीटी घ्यायची आणि मग पिकअप कमी करायला वर पैसे मोजायचे, हा सल्ला दुकानदाराने कशाच्या जोरावर दिला ते त्यालाच ठाऊक. तो पर्याय सोडा.

225/45 गणितात बसतो, पण साइडवॉल, म्हणजे टायरच्या बाजूची उंची, 113 वरून 101 मिलिमीटरवर येते. चाकणच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्या माणसाला त्या 12 मिलिमीटरची किंमत मी सांगायला नको. शिवाय टायर जितका रुंद तितका तो साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो, आणि पावसाळ्यात ताम्हिणीत जायचा तुमचा बेत आहेच. खड्ड्यात आपटून नुसता टायर फाटला तर नेहमीच्या वाहन विम्यातून काही मिळत नाही. त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरचे पैसे मिळतात, तेही निम्मे. बाहेरून घेतलेल्या अलॉयची पॉलिसीत नोंद नसेल तर त्यांचा खर्च तुमच्याच माथी.

विकताना वसूल होण्याची आशा सोडा. जुनी गाडी घेणारा तुमच्या हौसेचे पैसे देत नाही, उलट मूळ अलॉय कुठे गेले म्हणून भाव पाडतो.

तुम्हीच पाठवलेल्या कोटेशनमध्ये मूळ 205/55 आर16 मापात चांगल्या पकडीचे चार टायर 36 हजारांना आहेत. ते घ्या. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, 91 पेक्षा कमी नको, म्हणजे एका टायरला 615 किलो. स्पीड रेटिंग (टायर किती वेग सोसतो त्याचं अक्षर) मूळ टायरवर आहे तेच किंवा त्याच्या वरचं. टायरवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष असे चार आकडे असतात, 3225 म्हणजे 2025 चा 32 वा आठवडा. ते बघूनच बसवा. आणि टायरवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, कोटेशन त्या दराने आहे ना, तेही तपासा.

आता ती शेवटची ओळ.

पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो तुम्ही जोडलात, पण वाचलेला दिसत नाही. मृत्यूनंतर मिळणारी रक्कम तिथे 12 लाख लिहिली आहे. कर्ज 48 लाखांचं. उद्या तुम्ही नसाल तर 36 लाख कर्ज, पगार शून्य आणि तीन वर्षांची मुलगी एवढं तुमच्या पत्नीच्या वाट्याला येईल. मग घर विकण्यावाचून गत्यंतर नाही. ही पॉलिसी कर्जाला जोडलेलीच नाही, त्याच टेबलावर त्याच दिवशी विकलेली आहे, एवढाच काय तो संबंध. कर्ज हवं तर आमच्याकडूनच पॉलिसी घ्या, अशी सक्ती बँकेला करता येत नाही. पण सही करताना हे कोण सांगणार?

"12 लाख भरा, विसाव्या वर्षी 27 लाख घ्या, गॅरंटीड" असं तुम्हाला सांगितलं गेलं. दुपटीहून जास्त ऐकलं की माणूस खुलतो. पण दहा वर्षं हप्ते आणि विसाव्या वर्षी पैसे, याचा हिशेब सव्वापाच टक्क्यांच्या आसपास निघतो. तुमचं गृहकर्ज साडेआठ टक्क्यांचं आहे.

भरलेला पहिला हप्ता पूर्ण बुडाला असं समजा. उरलेले नऊ हप्ते पीपीएफमध्ये टाकले आणि 7.1 टक्के दर टिकला, तर त्याच विसाव्या वर्षी साडेतीस लाख हातात येतात. पॉलिसी चालू ठेवली तर 27. दर बदलू शकतो, मान्य. तरी लाख-सव्वा लाख वाचवायच्या नादात साडेतीन लाख सोडायचे का? शिवाय ऑक्टोबर 2024 नंतरच्या पॉलिसींना एका वर्षाचा हप्ता भरून वर्ष पूर्ण झाल्यावर काही ना काही सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मधेच सोडल्यावर परत येणारी रक्कम, मिळतं. किती, ते कंपनीकडून लेखी मागवा. एजंटच्या फोनवर विसंबू नका.

तुम्हाला हवा आहे टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, तोही किमान दीड कोटींचा. 48 लाख घराचे, 9 लाख गाडीच्या कर्जातले उरलेले, आणि घरखर्च महिना 40 हजार धरला तर वर्षाचे पाच लाख, त्याच्या वीसपट एक कोटी. तंबाखू-सिगारेट नसेल तर वयाच्या साठीपर्यंतच्या अशा विम्याला वर्षाला 20 हजारांच्या आसपास पडतील. वैयक्तिक आयुर्विम्यावर आता जीएसटीही नाही. अर्ज भरतानाच विवाहित महिला मालमत्ता कायदा, 1874 चा पर्याय निवडा, म्हणजे रक्कम पत्नी-मुलीचीच राहते, कुणा धनकोला त्यावर हात टाकता येत नाही. हे नंतर जोडता येत नाही. आणि सिगारेट ओढत असाल तर अर्जात लपवू नका.

एफडीला हात लावू नका. घराचा हप्ता 41 हजार 600, गाडीचा 19 हजार 300, वर घरखर्च. महिन्याला लाखभर जातात आणि गंगाजळी दीड महिन्याची. तीही चाकांत घालणार होतात!

टायरचे पैसे त्या बाजूला काढलेल्या बोनसमधूनच निघतात. 1 लाख 20 हजारांतले 20 हजार टर्म विम्याला, 36 हजार टायरला, उरलेले 64 हजार एफडीत. फक्त क्रम चुकवू नका. टर्मचा अर्ज याच आठवड्यात, कारण वैद्यकीय तपासणी आणि मंजुरीला वेळ जातो. नवी पॉलिसी हातात येईपर्यंत जुनी सोडायची नाही, 12 लाख तर 12 लाख. वार्षिक हप्त्याला देय तारखेनंतर 30 दिवसांची सवलत असते, तेवढ्यात हे बसतं. बँकेतून हप्त्यासाठी फोन येतील, सरेंडरचा आकडा लेखी मिळाल्याशिवाय काही ठरवणार नाही असं सांगा. तो आकडा आला की मला पाठवा.