पुण्याहून दोन दिवसांसाठी नाशिकला येतोय. डोंगर, पडकी देवळं आणि आदिवासी पाडे एकत्र कसे पाहता येतील?

तुम्ही लिहिलंय की स्वतःची गाडी आहे, ऑक्टोबरचा पहिला आठवडा आहे आणि यादीत हरिहर, साल्हेर, पांडवलेणी, नांदूरमध्यमेश्वर, सुरगाणा अशी सगळी नावं आहेत. ही यादी बाजूला ठेवा. साल्हेर एका टोकाला, नांदूरमध्यमेश्वर दुसऱ्या टोकाला. दोन दिवसांतला निम्मा वेळ स्टिअरिंगवर जाईल. तुम्हाला हव्या त्या तिन्ही गोष्टी नाशिक-त्र्यंबक रस्त्यावरच्या अंजनेरी या एकाच डोंगराभोवती आहेत. डोंगर, देवळं आणि पाडे एकत्र पाहिले तर जास्त कळतात.

पुण्याहून येताना सिन्नर वाटेतच लागतं. तिथलं गोंदेश्वर आधी पाहा, अगदी तास-दीड तास काढून. यादवकाळातलं हे पंचायतन मंदिर आहे: मधे महादेव, चार कोपऱ्यांत चार लहान देवळं, आणि मुख्य देवळाचं भूमिज शिखर अजून उभं. खालून वर नजर न्या: पीठ म्हणजे जोतं, त्यावर जंघा म्हणजे कोरीव भिंत, मग शिखरावर छोट्या छोट्या शिखरांच्या उभ्या रांगा. चुना न वापरता दगडावर दगड खाचेत बसवलेत, ते सांध्यांजवळ डोळे नेऊन बघा. हे उभं देऊळ डोक्यात असेल तर अंजनेरीत जमिनीवर पडलेला दगड मूळचा कुठला, हे ओळखता येतं. उलट क्रमाने गेलात तर अंजनेरी म्हणजे नुसता दगडांचा ढीग वाटेल.

नाशिकहून त्र्यंबक रस्त्याने अंजनेरी साधारण २० किलोमीटर. एसटीनेही येता येतं, अंजनेरी फाट्यावर उतरायचं. बहुतेक लोक गाडी तडक वर नेतात आणि गावाजवळची देवळं सोडून देतात. हिंदू आणि जैन मिळून १६ संरक्षित मंदिरं आहेत इथे. एका जैन मंदिरातला संस्कृत शिलालेख शके १०६३ चा, म्हणजे इ.स. ११४१ च्या सुमाराचा आहे आणि त्यात देवळाला दुकानांचं उत्पन्न दिल्याची नोंद आहे. एवढ्या एका ओळीवरून इथे बाजारपेठ होती हे समजतं. लेख वाचायला खडू, पावडर, पाणी काही लावू नका. सकाळी आठ-नऊपर्यंत किंवा संध्याकाळी पाचनंतर ऊन तिरपं येतं तेव्हा अक्षरं आपोआप उठतात. आत अंधार असेल तर टॉर्च समोरून न धरता भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ड्रोन तर नकोच.

देवळं का पडतात तेही इथे दिसतं. पक्ष्यांच्या विष्ठेतून उंबर-पिंपळाचं बी सांध्यात पडतं, मूळ फुगतं आणि बिनचुन्याचा सांधा उघडतो. नुसतं झाड वरून छाटून उपयोग होत नाही, मूळ आतच राहतं. काही कोरीव दगड पुढे घरांच्या जोत्यात आणि बांधात गेले. गावातून चालताना नजर खाली ठेवा. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड दिसला तर तळापासून वर वाचा: खाली लढाई, मधे अप्सरा वीराला नेताहेत, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि शेंड्याला चंद्र-सूर्य. नुसता कोपरात वाकलेला, बांगड्या घातलेला हात असेल तर तो सतीचा दगड. बऱ्याच ठिकाणी त्यांना शेंदूर लागलेला असतो. तो आता गावाचा देव आहे, हात लावण्याआधी विचारा.

दगडांच्या ढिगात मात्र हात घालू नका. फुरसं हा विषारी साप अशाच सैल दगडांखाली बसतो. दगडावर बसायचं तर आधी काठीने आपटा. चावलंच तर चिरा देणं, आवळून बांधणं, चोखणं काहीही नको. पाय हलू न देता माणसाला उचलून गाडीत घाला आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा. देवळं आणि कडे, दोन्हीकडे आग्या मोहोळ असू शकतं. अत्तर, परफ्युम, धूर आणि आरडाओरडा यांनी ते उठतं. उठलंच तर हात न हलवता तोंड झाकून लांब पळा, पाण्यात उडी मारण्याच्या भानगडीत पडू नका.

डोंगरावरचा अंजनेरी गड दुसऱ्या दिवशी चढा, सकाळी सहाला. वनखात्याच्या नाक्यावर शुल्क भरून निघालात की खिंडीतल्या पायऱ्या, वाटेतलं जैन लेणं, मग पठार, पुढे तळं आणि दुसरा चढ, असं जाऊन-येऊन चार ते पाच तास धरा. माणशी तीन लिटर पाणी. पायऱ्यांवर माकडं पिशवी ओढतात, म्हणून खाणं सॅकच्या आत, बाहेर लटकलेली प्लॅस्टिकची पिशवी नको. ऑक्टोबरात परतीचा पाऊस दुपारी विजा घेऊन येतो आणि पठारावर सगळ्यांत उंच वस्तू तुम्हीच असता. काहीही झालं तरी एकच्या आत खाली या. उतरताना पायऱ्यांवरच्या शेवाळाने जास्त माणसं घसरतात, तेव्हा खाचा न झिजलेले बूट घाला.

पठारावर मातीचा थर काही ठिकाणी जेमतेम चार बोटं असतो, कातळाच्या खळग्यात साठलेला. तेवढ्यात इथलं गवत आणि फुलं जगतात. सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची जात याच डोंगरावरून २००६ मध्ये जगाला कळली. फूल म्हणजे एक बारीक नळी, आत खाली वळलेले केस. माशी आत जाते, केसांमुळे परत फिरता येत नाही. पुढे केस सुकून मऊ पडले की ती पराग घेऊन सुटते. फुलायचा काळ ऑगस्ट-सप्टेंबर, त्यामुळे तुम्हाला फूल दिसेलच असं नाही. म्हणूनच गवतात पाय टाकू नका, उघड्या कातळावरून चाला. फूल गेलं तरी कंद खाली जिवंत असतो. २०१७ पासून हा डोंगर संवर्धन राखीव क्षेत्र आहे. कड्यांवर गिधाडं आहेत. घिरट्या दिसल्या तर दुर्बीण काढा, कड्याच्या टोकाशी जाऊन वाकू नका.

आता पाडे. पहिल्या दिवशीची दुपार त्र्यंबक-हरसूल रस्त्यावर द्या. महादेव कोळी, ठाकर, कोकणा, वारली असे समाज या पट्ट्यात आहेत. तुमचा महिना योग्य आहे: दिवाळीनंतर कितीतरी घरं निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला जातात आणि पाड्यावर म्हातारी माणसं व लेकरं उरतात. आता भात निसवलेलं, म्हणजे लोंब्या बाहेर पडलेलं असेल, उतारावर नागली-वरई उभी असेल. रस्त्यावर गाडी लावून आत शिरू नका. आधी पोलीस पाटील किंवा सरपंचांना राम राम घालून कशासाठी आलात ते सांगा, आणि गावातलाच एखादा माणूस सोबत मागा. दिवसाची मजुरी बुडते, म्हणून पैसे आधीच ठरवा आणि रोख द्या. सुटे ठेवा, रेंजचा भरवसा नाही. जेवायचं असेल तर आदल्या दिवशी निरोप पाठवा. नागलीची भाकरी पटकन होणारी गोष्ट नाही. पीठ आधणाच्या, म्हणजे उकळत्या पाण्यात मळावं लागतं, नाहीतर थापताना तुटते.

भातखाचराच्या बांधावरून एकामागून एक चाला. कड ढासळली की साठवलेलं पाणी निघून जातं. खळ्यावर चप्पल घालून जाऊ नका. वाघदेव हा इथल्या आदिवासींचा देव, त्याच्या खांबावर किंवा दगडावर वाघ, साप, चंद्र-सूर्य कोरलेले दिसतील. फोटो विचारून, आणि विहिरीवरच्या बायांचा तर काढूच नका. पोरांना चॉकलेटं वाटू नका, पुढच्या माणसामागे ती धावत येतात. काही द्यायचंच असेल तर शाळेतल्या गुरुजींना विचारून वह्या द्या.

शनिवार-रविवार आणि सणाचे दिवस टाळता आले तर टाळा, त्र्यंबकच्या गर्दीने तोच रस्ता तासभर अडतो. मुक्काम त्र्यंबकमध्ये करा, म्हणजे सहाला नाक्यावर पोहोचता येईल.