‘मीच’ मधला च

“बाहेरचा माणूस ठेवला तर लोक म्हणतील, बापाला नोकराच्या हवाली केलं.” हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की मोजणं सोडून दिलं. नाशकात सिडकोतले म्हणतात, कॉलेज रोडचेही म्हणतात. तिकडे फक्त ‘नोकरा’चा ‘केअरटेकर’ होतो. मी समुपदेशक, म्हणून माझ्याकडे आलेल्या एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

गृहस्थ पन्नाशीचे, अंबडला शिफ्ट ड्युटी. वडील, अण्णा, ८१ वर्षांचे, नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले, घर जेलरोडला. अर्धांगवायूनंतर डावी बाजू लुळी. आंघोळ, कपडे, संडास, सगळं मुलगाच करायचा. सासऱ्यांना संकोच वाटेल म्हणून बायकोला हात लावू देत नव्हता. (हा संकोच लक्षात असू द्या.) माझ्याकडे आला तो मात्र “राग आवरत नाही” म्हणून. एकदा न्हाणीघरात अण्णांवर ओरडला आणि नंतर पार्किंगमध्ये जाऊन रडला.

तीन भेटी रागाभोवतीच फिरण्यात गेल्या. चौथ्या वेळी त्यांचंच एक वाक्य कागदावर लिहून पुढे सरकवलं : ‘मीच करायला हवं.’

“यातला च खोडा आणि वाचा.”

“मी करायला हवं.” बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. “हलकं वाटतंय. पण मॅडम, पळवाट काढल्यासारखंही वाटतंय.”

परिस्थितीपेक्षा तिच्याबद्दलचा आपला हट्ट माणसाला जास्त छळतो, या मताची मी. हा च मी बरोबर पकडते. सहकारी त्यावरून चिडवतातही. त्या दिवशी मी खुशीत होते.

पण गाठ सुटली ती अण्णांमुळे. त्यांना माझ्याकडे जिना चढून येणं शक्य नव्हतं, मग मीच गेले. मुलगा चहा करायला आत गेल्यावर विचारलं, “अण्णा, मुलगा इतकं करतो. तुम्हाला कसं वाटतं?”

शब्द जड येत होते, पण चुकले नाहीत. “मी त्याला आंघोळ घातली ते ठीक. त्यानं मला घालायची, लाज वाटते हो. पगारी माणूस असला की लाज नाही. त्याचं ते काम.” जरा थांबून म्हणाले, “हा येतो, धुतो, भरवतो, झोपवतो. बोलत नाही. पूर्वी आम्ही रमी खेळायचो.”

मुलगा कप घेऊन दारातच उभा होता.

सुनेसमोरचा संकोच, लोकांची लाज, सगळ्याचा हिशोब झाला होता. अण्णांना कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा. तेव्हापासून पहिल्या-दुसऱ्या भेटीतच मी घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी वेगळं बोलते.

पुढचं भराभर झालं. सकाळी दोन तास पुरुष मदतनीस. ठेवण्याआधी त्याची पोलीस पडताळणी करून घेतली आणि पहिला आठवडा घरचं कुणीतरी सोबत थांबलं. हे दोन्ही टाळू नका. प्रेसमधले एक जुने सहकारी पलीकडच्याच गल्लीत निघाले, ते आठवड्यातून दोन दुपारी येऊन बसतात. आशाताई म्हणजे बाळंतिणी आणि लसीकरण एवढंच आपल्याला ठाऊक असतं. पण अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठाची माहिती त्यांना आणि महापालिकेच्या आरोग्य केंद्राला जरूर द्या. ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात अशांना घरी जाऊन बघणंही धरलेलं आहे. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. मात्र ते दवाखान्यात दाखल झाल्यावरचे. मदतनिसाचा पगार त्यातून निघत नाही, तो भावंडांनी बसून वाटून घ्यावा. कुठे विचारायचं हेच कळत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे.

शेवटच्या भेटीत मी विचारलं, “काय, रमी?”

“उजव्या हातानंच पानं लावतात. आणि लबाडी करतात.”

“आणि लोक?”

ते हसले. “शेजारच्या काकूंनी मदतनिसाचा नंबर मागितलाय.”