खिडकीच्या आतल्या बाजूने

नागपूर, एप्रिल

प्रिय बेटा,

पुन्हा कॉलेजात शिकायचं म्हणून रविवारी फोन केलास, आणि त्यात तू तीनदा ‘या वयात’ म्हणालीस. मी मोजलं. आवाज इतका बारीक ठेवला होतास, आणि मागे टीव्ही एवढा मोठा, की घरात अजून कोणाला सांगितलेलं नाहीस हे मला कळलंच. सासूबाईंना सध्या नको सांगूस, माझी काही हरकत नाही. नवऱ्याला मात्र सांगावंच लागेल. त्याच्या पगाराचा कागद लागणार आहे.

मी सव्वीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात काढली. त्यातली शेवटची अकरा शिष्यवृत्तीच्या खिडकीवर. तुझ्यासारखे लोक दरवर्षी दोन-चार यायचे. एकदा पस्तिशीचा एक इलेक्ट्रिशियन आला, खिशात टेस्टर. मी वर न बघताच विचारलं, “भाऊ, पोराचं ॲडमिशन आहे का?” तो “नाही, असंच विचारायला आलो होतो” म्हणाला आणि निघून गेला. पुन्हा आला नाही. मला ते अजून टोचतं. तुलाही असं कोणी विचारेल. विचारू दे. “माझंच आहे” म्हण आणि फॉर्म पुढे सरकव. खिडकीच्या आतल्या माणसाला दिवसभरात दोनशे चेहरे बघायचे असतात. तो तुझं वय मोजत नाही, जेवणाच्या सुट्टीला किती वेळ उरला ते मोजतो.

आता कामाचं. तू विचारलंस, “शिष्यवृत्ती मिळेल का?” हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, तू कोणत्या दारातून आत जाणार. बहुतेक लोक आधी ॲडमिशन घेतात आणि मग पैसा शोधायला लागतात. अठरा वर्षांच्या पोरांचं त्यात फारसं बिघडत नाही, कारण योजना त्यांना डोळ्यासमोर ठेवूनच लिहिलेल्या असतात. तुझं बिघडेल.

तुझ्यापुढे दारं दोन. एक नियमित कॉलेज, म्हणजे आपल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचं कुठलं तरी संलग्न कॉलेज. दुसरं मुक्त विद्यापीठ, म्हणजे नाशिकचं यशवंतराव चव्हाण (१९८९ चं) किंवा दिल्लीचं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ, इग्नू (१९८५ चं). दोघांचीही विभागीय केंद्रं नागपुरात आहेत, नाशिक-दिल्लीला खेटे घालायचं काम नाही. मुक्त विद्यापीठाची पदवी ‘खरी’ नसते असं तुझ्या ऑफिसातले कोणी सांगून राहिले असतील, तर त्यांना सांग की यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२० च्या नियमांत मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली आहे. फक्त तू घेतेस त्या अभ्यासक्रमाला त्या वर्षाची मान्यता आहे की नाही, हे यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घे.

फरक पैशात पडतो. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरची मोठी नावाजलेली योजना म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत. तीत दूरस्थ शिक्षण बसत नाही, अर्धवेळही नाही. म्हणजे मुक्त विद्यापीठात गेलीस तर फी स्वतः भरायची, असंच धरून चाल. नियमित कॉलेजात गेलीस तर शिष्यवृत्तीचं दार उघडतं, पण हजेरी येते. आपल्याकडे बी.कॉम.चे वर्ग सकाळचे, तुझी हिंगणा एमआयडीसीतली ड्युटी साडेनऊची. पंचाहत्तर टक्के हजेरीचं गणित तू कसं बसवणार ते मला कळत नाही. मालक अकराला येऊ देत असेल तर नियमित कॉलेज घे, नाहीतर स्वतःला फसवू नको.

माझं मत सांगू? नोकरी सोडून शिष्यवृत्तीच्या मागे लागण्यात अर्थ नाही. बी.कॉम.च्या फीमध्ये जेवढे वाचतील, त्याहून जास्त पगार तू दोन-तीन महिन्यांत घालवशील. मी स्वतः शेहेचाळिसाव्या वर्षी मुक्त विद्यापीठातून एम.ए. केलं. परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून आमच्याच कॉलेजची बाई उभी! तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे, आणि दोघींनी पुढचे तीन तास ओळखच दाखवली नाही.

पण तुला व्यावसायिक कोर्सच करायचा असेल, बीबीए किंवा बीसीए, तर हिशेब उलटा होतो. राज्य सरकारने ८ जुलै २०२४ ला निर्णय काढला. इतर मागास, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) वर्गातल्या ज्या मुलींचं कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. प्रवेश मात्र सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा आणि केंद्रीय प्रवेश फेरीतूनच झाला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलास तर गेलं. आणि माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे, कॉलेजच्या पावतीवरच्या दहा ओळींची नाही. ‘विकास निधी’, ‘उपक्रम’, ‘ओळखपत्र’ हे कोणतं कशात येतं ते पावतीवर बोट ठेवून विचार. क्लार्क चिडेल. मीही चिडायचे, पण उत्तर द्यायचे.

तुझ्या जुन्या बी.कॉम.बद्दल. पहिलं वर्ष पास आणि दुसऱ्यात दोन विषय राहिले, २०१४ साली सोडलं, असं तू म्हणालीस. “तिथून पुढे सुरू करता येईल का?” यात फार जीव अडकवू नको. तेव्हापासून अभ्यासक्रम बदलले, आणि २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण आलं. पास झालेल्या विषयांचे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, साठवण्याची जी बँक आहे ती २०२१ ची, आणि तीतल्या क्रेडिटची मुदतही जास्तीत जास्त सात वर्षं. तुझे मार्क त्याच्या कितीतरी आधीचे. तरी एक अर्ज विद्यापीठात देऊन टाक, पोच घे, उत्तर लेखी माग. तोंडी ‘नाही’वर आणि तोंडी ‘हो’वर, दोन्हीवर विश्वास नको. पण तयारी पहिल्या वर्षापासूनचीच ठेव. शिष्यवृत्तीच्या नियमांत अभ्यासक्रम चालू असताना मोठा खंड पडलेला चालत नाही, ताज्या प्रवेशाआधीचा खंड चालतो. म्हणजे पैशाच्या बाजूने नवी सुरुवातच बरी. कॉलेज गॅपचं प्रतिज्ञापत्र मागेल. दोन ओळी: अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंत दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला नव्हता. त्यात लग्न, बाळंतपण, सासऱ्यांचं आजारपण काही लिहायचं नाही. माणसं तिथे आत्मचरित्र लिहितात.

आता कागदं. इथे लग्न झालेल्या बाईची जी गंमत होते ती नीट समजून घे, कारण माझ्या टेबलावरून परत गेलेले निम्मे अर्ज याच्यापायी गेले.

जात माहेरची, उत्पन्न सासरचं. जातीचा दाखला वडिलांच्या बाजूने मिळतो, लग्नाने बदलत नाही. नॉन-क्रिमिलेयर, म्हणजे मागास वर्गातल्या सधन घरातले आपण नाही असा दाखला, तोही आई-वडिलांच्या स्थितीवर ठरतं, नवऱ्याच्या पगारावर नाही. पण शिष्यवृत्तीला जो उत्पन्नाचा दाखला लागतो त्यात आता तुझं कुटुंब म्हणजे नवरा आणि तू, तुझा पगारसुद्धा. मुली वडिलांच्या नावाचा उत्पन्नाचा दाखला आणतात, कारण तो कमी असतो. तो परत जातो, आणि परत जाईपर्यंत मुदत संपलेली असते.

नाव तिसरंच. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं, आधारवर सासरचं, बँकेत अर्धं-अर्धं. या तिघांना जोडणारा दुवा म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र. तुमचं लग्न महानगरपालिकेत नोंदवलंय का? नसेल तर हे पहिलं काम. राजपत्रात नाव बदलून घेणं हा दुसरा मार्ग. पण एक ऐक, शिक्षणाच्या नोंदीत दहावीचंच नाव राहू दे. ते बदलायला गेलीस तर सगळ्या गुणपत्रिका बदलत बसशील. माझ्या पहिल्या पदवीवर नुसतं ‘नागपूर विद्यापीठ’ आहे. तुकडोजी महाराजांचं नाव २००५ साली लागलं, तेव्हा आम्ही ऑफिसातले सगळे रबरी शिक्के बदलले. माझी पदवी काही कोणी खोटी म्हटली नाही.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा, आणि तो ३१ मार्चपर्यंतच चालतो. म्हणून आत्ता, एप्रिलमध्ये काढ. बारावीचा निकाल लागला की सिव्हिल लाइन्सच्या सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते, आणि वरून पंचेचाळीस डिग्री. ‘आपले सरकार’वर घरूनही अर्ज करता येतो. नवऱ्याचा फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा मालकाने दिलेला दाखला) असेल तर काम सोपं, नसेल तर तलाठ्याचा अहवाल लागतो. अधिवास प्रमाणपत्रही त्याच फेरीत करून टाक.

पोर्टलबद्दल दोनच गोष्टी सांगते, पण त्या दगडावर कोरून ठेव.

नेट कॅफेवाल्याचा मोबाइल नंबर टाकून खातं उघडू नको. “ताई, माझाच टाकतो, ओटीपी लवकर येते” असं तो प्रेमाने म्हणतो. पुढच्या वर्षी तो दुकान बदलतो, नंबर बदलतो, आणि तुझा अर्ज त्याच्या नंबरमागे कुलूपबंद. नंबर तुझा, ईमेल तुझा, पासवर्ड तुझ्या वहीत. ‘शंभर टक्के स्कॉलरशिप करून देतो’ म्हणणाऱ्याला आधारचा ओटीपी तर मुळीच द्यायचा नाही.

दुसरं, बँकेत आधार ‘लिंक’ असणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात यायला, ‘सीडिंग’ असणं वेगळं. सरकारी पैसा शेवटी ज्या खात्याला आधार सीड झालं असेल त्या खात्यात जातो, तू अर्जात काय लिहिलंस त्यात नाही. एक पोरगा दोन वर्षं माझ्या खिडकीवर येऊन भांडत होता, “मॅडम, पैसे काऊन नाही आले?” आले होते बाप्पा! वडिलांनी गॅस सबसिडीसाठी गावी उघडून दिलेल्या खात्यात पडून होते. आधारच्या साइटवर बँक सीडिंगची स्थिती दिसते. आज रात्री जेवणानंतर बघ, पाच मिनिटांचं काम आहे.

अर्ज भरला म्हणजे झालं असंही नाही. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून पुढे विभागाकडे. कुठेही त्रुटी निघाली की तुझ्याकडे परत येतो, आणि एसएमएस येईलच याची खात्री नाही. दर रविवारी एकदा उघडून स्थिती बघायची. माझ्या हातूनही एकीचा अर्ज राहिला होता, मार्चअखेरच्या धांदलीत मी पुढे पाठवलाच नाही. ती बिचारी ‘कॉलेज करेल’ म्हणून गप्प बसली. चूक माझी, वर्ष तिचं गेलं. म्हणून सांगते, दोन आठवडे अर्ज एकाच जागी अडकलेला दिसला तर खिडकीवर जा.

पैसे येईपर्यंत काय, हा तू न विचारलेला प्रश्न. शिष्यवृत्तीचा पैसा उशिरा येतो, कधी वर्ष संपल्यावर. पहिली फी हातातूनच जाईल असं समज. कॉलेजला हप्ते पाडून मागता येतात, अर्ज प्राचार्यांच्या नावाने, साधा, एका पानाचा. भिशी लागत असेल तर ती या महिन्यात घे. पण फीसाठी त्या आठवड्याच्या हप्त्याच्या गटाचं कर्ज घेऊ नको. दर मंगळवारी दारात माणूस उभा असला की पुस्तक उघडत नाही. बी.कॉम.साठी शैक्षणिक कर्जही मला जड वाटतं. व्यावसायिक कोर्स असेल तर विचार कर. उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर केंद्राच्या योजनेत शिकत असतानाचं आणि वर एक वर्षाचं व्याज सरकार भरतं, पण त्याला संस्थेचं नॅक किंवा अभ्यासक्रमाचं एनबीए मानांकन, म्हणजे दर्जाचा शिक्का, लागतं. बँकेत जाण्याआधी तेवढं कॉलेजला विचार.

अभ्यासाचं तू काहीच विचारलं नाहीस, म्हणजे त्याची भीती सगळ्यात जास्त असावी. वासुदेव नगरहून सीताबर्डीपर्यंत मेट्रोत बसायला मिळालं की पुस्तक काढ. घरी होत नसेल तर गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत, स्पर्धा परीक्षेची पोरं असतात तिथे, कोणी कोणाकडे बघत नाही. अकाउंट्स तुला येतं. तू रोज चलन आणि बिलं करतेस, तेच पुस्तकात वेगळ्या भाषेत लिहिलंय.

शनिवारी ये. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, बी.कॉम.च्या मिळतील तेवढ्या, टी.सी., आधार, पासबुक, लग्नाचा दाखला असेल तर तो. झेरॉक्स नको, ओरिजिनल आण, प्लास्टिकच्या पिशवीत, घडी न घालता. चारनंतर ये, ऊन उतरलेलं असतं. कूलरच्या आवाजात मला बेल ऐकू येत नाही, तेव्हा जरा दाबून धर.

तुझी,
मावशी